अळी रात्रीची, पाहणी दिवसाची

दिवाळी उरकलेली असते. हरभरा पेरून दोन-तीन आठवडे झालेले असतात आणि तासं नजरेत भरायला लागलेली असतात. अशातच एक सकाळ उगवते. धुऱ्यावर उभं राहून पाहावं तर काल भरून दिसणारं तास मधेच तुटलेलं. हात-दोन हात जागा मोकळी, मग चार रोपं, पुन्हा मोकळी जागा. जवळ जाऊन वाकून पाहिलं तर रोप जमिनीलगत कापलेलं, शेंडा शेजारीच आडवा पडलेला, एखादा अर्धवट भोकात ओढलेला. खाणारा मात्र कुठंच दिसत नाही! जिंतूरच्या माळापासून पूर्णेच्या काळ्या रानापर्यंत हे दृश्य ओळखीचं आहे. तरीही या नुकसानीची नोंद कुठल्याही कागदावर सहसा सापडत नाही. शेतकरी आपला पुन्हा बी आणतो, नांग्या भरतो, नाही जमलं तर विरळ पीक तसंच वाढवतो आणि गप्प बसतो.

ही करामत रोपं कुरतडणाऱ्या अळीची. कोणी कातरअळी म्हणतं, कोणी काळी अळी, दुकानात कटवर्म. शास्त्रज्ञ तिला अ‍ॅग्रोटिस म्हणतात. नावं चार आणि ओळख एकालाही नीट नाही, अशी तिची गत आहे. घाटेअळी सगळ्यांना ठाऊक, कारण ती दिवसाढवळ्या घाट्यात डोकं खुपसून बसलेली असते. कातरअळी दिवसा मातीत बोटभर खोल झोपते आणि अंधार पडला की वर येते. सकाळी कापलेल्या रोपाच्या बुडाशी बोटानं माती उकरली तर बहुधा सापडते. मळकट काळपट, तेल लावल्यासारखी चकचकीत, पुरी वाढली की दीड-दोन इंच लांब. डिवचली की अंगाची गुंडाळी करून मेल्यासारखी पडते. हीच तिची खूण.

तिच्याबद्दल सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की ती पिकाच्या आधी रानात आलेली असते. मादी पतंग हजाराच्या घरात अंडी घालतो, आणि तो ती तणाच्या पानांवर, ओलसर मातीवर घालतो. हरभरा पेरायच्या आधीच हे होऊन जातं. आठवडाभरात अळ्या निघतात. सुरुवातीला त्या तणाचीच पानं खरवडून जगतात, तेव्हा त्यांच्याकडं कोणाचं लक्ष जात नाही. मग आपण वखर फिरवतो, तण मोडतं, पेरणी होते. अळीच्या तोंडचा घास गेलेला असतो. आठ-दहा दिवसांनी कोवळा हरभरा वर येतो तेव्हा ती वाढलेली आणि भुकेली असते. खाण्यापेक्षा नासाडी तिची जास्त. एका रात्रीत एकाहून अधिक रोपं कापते आणि खाते त्यातलं थोडंसंच.

म्हणून कृषी विद्यापीठांच्या शिफारशीत पहिलं वाक्य ठरलेलं असतं: पेरणीपूर्वी दोन-तीन आठवडे रान तणमुक्त ठेवा. शिफारस अगदी बरोबर आहे. पण ती पाळायची कशी, हा प्रश्न आपल्या जिल्ह्यातल्या पीकपद्धतीला विचारला पाहिजे.

पूर्वी रब्बीचं रान वेगळं असायचं. खरिपात ते मोकळं ठेवून पावसाळाभर पाळ्या घालायच्या आणि मग टाळकी ज्वारी किंवा करडई पेरायची. चार पाळ्यांत तण उगवायचं आणि मोडायचं, अंडी-अळ्या उघड्या पडायच्या, बगळे-साळुंक्या वखरामागं चालायच्या. कीड मारण्यासाठी कोणी पाळ्या घालत नव्हतं, ते ओल धरण्यासाठी होतं, पण दोन्ही कामं व्हायची. आता रान मोकळं ठेवणं परवडत नाही. सोयाबीन काढलं की त्याच वावरात हरभरा. सोयाबीनचं मळणीयंत्र वावरातून निघालं आणि आठ-दहा दिवसांत पेरणी झाली, तर ओल सापडते. दोन-तीन आठवडे थांबलो तर ओल उडते. तेव्हा शेतकरी ओल धरायची की अळी टाळायची या पेचात सापडतो आणि तो ओल धरतो. त्याच्या जागी कोणीही असतं तर तेच केलं असतं.

आणखी एक फरक आहे. ज्वारीच्या रोपाचा वाढीचा कोंब सुरुवातीचे काही आठवडे जमिनीच्या खाली असतो. अळीनं वरून कापलं तरी पुष्कळदा ते पुन्हा फुटतं. हरभऱ्याचे दाणेही जमिनीतच राहतात, त्यामुळं फार लवकर कापलं तर कधीमधी बुडातून फुटवा येतो. पण तो मागं पडलेला, आणि कोरडवाहू रानात मागं पडलेलं रोप म्हणजे घाटे भरायच्या वेळेला ओल संपलेलं रोप. ज्वारीची जागा बऱ्याच वावरांत हरभऱ्यानं घेतली, तशी या अळीची चांदी झाली.

त्यात ओल्या सालाची भर. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात काय झालं हे सांगायला नको. गोदावरी, पूर्णा, दुधना काठची रानं पाण्याखाली गेली, सोयाबीन उभ्याउभ्या कुजलं. ७ ऑक्टोबर २०२५ ला राज्य सरकारनं ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात रब्बीच्या बियाण्यासाठी आणि निविष्ठांसाठी हेक्टरी दहा हजारांची वेगळी तरतूद होती. पण पुरानंतरचं रान कसं असतं? ओलसर, गाळाचं, तणानं भरलेलं. कातरअळीच्या मादीला याहून चांगलं बाळंतघर कुठलं! गेल्या शंभर वर्षांचा अनुभवही हेच सांगतो. बिहारात पाटण्याच्या पूर्वेला मोकामा टाल नावाचा मोठा सखल पट्टा आहे. पावसाळ्यात गंगेचं पाणी तिथं महिनोन्‌महिने साचून राहतं, ते ओसरलं की लोक हरभरा-मसूर पेरतात, आणि पाण्यापाठोपाठ हीच अळी येते. वुडहाउस आणि फ्लेचर या दोन कृषी अधिकाऱ्यांनी १९१२ सालीच त्यावर सविस्तर लिहून ठेवलं. तिथं पतंग पकडण्यासाठी खास सापळे लावून पाहिले गेले. म्हणजे पूर ओसरलेल्या रानात रब्बी पेरताना या अळीचा विचार करायचा, ही गोष्ट आपल्या देशाला शंभराहून जास्त वर्षं माहीत आहे. पुराच्या पंचनाम्यानंतर बियाण्याचे पैसे मिळतात, पण ते बी उगवून आल्यावर कोण खाणार आहे, हे सांगायला कोणी येत नाही.

आता कागदाकडं वळू.

२००८ च्या खरिपात सोयाबीनवर पानं खाणाऱ्या अळ्यांनी मराठवाडा-विदर्भात धुमाकूळ घातला होता, तो जुन्या शेतकऱ्यांना आठवत असेल. चौदा लाखांहून जास्त हेक्टरला झळ पोचली. त्या धक्क्यातून पुढच्याच वर्षी 'क्रॉपसॅप' म्हणजे पिकांवरील कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू झाला. कल्पना चांगली होती आणि आहे. गावोगावचे निवडक प्लॉट ठरवायचे, दर आठवड्याला कीड मोजायची, मर्यादा ओलांडली की सल्ला द्यायचा. पण मोजणी होते दिवसा. हरभऱ्यात सगळ्यांची नजर घाटेअळीवर आणि तिच्यासाठी लावलेल्या कामगंध सापळ्यांवर. त्या सापळ्यात घाटेअळीचाच नर येतो, कातरअळीचा पतंग त्याच्याकडं ढुंकूनही पाहत नाही. सापळा रिकामा म्हणजे रान निर्धोक, असा समज करून घेतला तर फसगत होते. बरं, ही अळी वावरभर सारखी नसते. एका कोपऱ्यात, पाणी थबकलेल्या वाफ्यात, धुऱ्याच्या बाजूला तिचा जोर असतो. शेजारचं वावर साफ. निवडलेला प्लॉट त्या साफ वावरात असला की गावात अळी नाही!

नुकसानभरपाईचं म्हणाल तर कायद्यात कीड बसते. आपत्ती प्रतिसाद निधीच्या केंद्राच्या यादीत पूर, दुष्काळ, गारपीट यांच्या जोडीला 'कीड हल्ला' हे शब्द आहेत. अट एवढीच, की पिकाचं ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान झालेलं पाहिजे. २०१७ ला कापसावर गुलाबी बोंडअळी आली तेव्हा बोंडं फोडून दाखवता आली, पंचनामे झाले, डिसेंबरात विधिमंडळात मदत जाहीर झाली. २०२२ ला लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात शंखी गोगलगायींनी कोवळं सोयाबीन फस्त केलं. गोगलगाय ढिगानं गोळा होते, फोटोत दिसते, आरडाओरड झाली आणि सरकारला मदत द्यावी लागली. कातरअळीचं तसं नाही. तलाठी आणि कृषी सहायक येईपर्यंत कापलेले शेंडे वाळून वाऱ्यानं उडालेले असतात, अळी मातीत असते, आणि दिसते ती फक्त मोकळी जागा. मोकळ्या जागेचा पंचनामा कसा करणार? साहेब विचारतात, "उगवलंच होतं कशावरून?"

पीकविम्याचा मार्गही आता अरुंद झालाय. एक रुपयात विमा २०२३ च्या खरिपात आला आणि २०२५ च्या खरिपापासून गेला. वैयक्तिक नुकसानीची पूर्वसूचना देऊन भरपाई मागण्याची जी सोय होती तीही राज्यानं त्याच वेळी काढली. आता हिशेब मंडळातल्या पीककापणी प्रयोगावर. एका मंडळात पंधरा-वीस गावं, त्यात ठरावीक प्लॉट, त्यांची सरासरी. कोपऱ्या-कोपऱ्यानं खाणारी कीड या सरासरीत कधीच दिसणार नाही. हप्ता भरू नका असं नव्हे, भरावाच. दुष्काळ, अवकाळी यात तो उपयोगी पडेल. पण अळीनं तासं तोडली म्हणून विमा मिळेल या भरवशावर राहू नये.

आणि तिसरी वाट बियाण्याच्या तक्रारीची. 'उगवण कमी' म्हणून तालुका कृषी अधिकाऱ्याकडं अर्ज दिला की तक्रार निवारण समिती पाहणीला येते. २०२० च्या खरिपात न उगवलेल्या सोयाबीनच्या तक्रारींचा एवढा पूर आला, की औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. तेव्हापासून शेतकरी या बाबतीत जागा झाला, हे चांगलं. पण हरभऱ्यात खरोखर न उगवलेलं बी आणि उगवून कापलं गेलेलं रोप यांची सरमिसळ होते. समिती आली, माती उकरली, खाली मुळासकट बुडखा सापडला, की तक्रार फेटाळली जाते. कंपनी सुटते, शेतकरी खोटा ठरतो. तो खोटं बोललेला नसतो. त्याला कोणी ओळखायला शिकवलेलं नसतं.

ओळखण्याचीच गोष्ट निघाली तर आमच्या घरचं सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या आखाड्याजवळच्या दोन एकरांत हरभऱ्याची तासं तुटू लागली. धाकट्या भावानं वाळलेली दोन रोपं पिशवीत घालून दुकान गाठलं. दुकानदारानं पिशवी उघडलीसुद्धा नाही.

"मर लागली असंल दादा. ह्ये बुरशीनाशक न्या, ह्याच्यासंगं एक टॉनिक."

"पण शेठ, रोप बुडातून तुटलंय."

"मरीत तुटतंयच की."

नऊशे रुपयांचं औषध रानात ओतलं. अळीला त्याची बाधा व्हायचं कारणच नव्हतं. पुढं चार रात्री ती निवांत जेवली. पाचव्या दिवशी आमच्या काकांनी खुरप्यानं माती उकरून अळी हातावर ठेवली, तेव्हा उजेड पडला. दुकानदाराला तरी एकट्याला कशाला नावं ठेवा. आम्हीही आधी वाकून पाहिलं नव्हतं.

तेव्हा वाकून पाहायला शिकू. मर रोगात रोप उभ्या-उभ्या मान टाकतं, पिवळं पडतं, पण तुटत नाही. उपटलं तर अख्खं हाती येतं आणि बुंधा उभा चिरला तर आत तपकिरी रेघ दिसते. मानकूज असेल तर बुडाशी पांढरी बुरशी आणि मोहरीसारखे दाणे दिसतात. हरणानं किंवा रोह्यानं खाल्लं तर शेंडा गायब होतो, बुडखा राहतो आणि खुरांच्या खुणा असतात. कातरअळीत शेंडा शेजारीच पडलेला असतो आणि काप जमिनीलगत, कात्रीनं कापल्यासारखा. खरिपात सोयाबीन-कापसाच्या कोवळ्या रोपांना वाणी म्हणजे पैसा किडाही असाच त्रास देतो, पण तो सकाळी पाल्याखाली गोळ्यानं सापडतो, पायांनी गच्च. पिशवीत वाळलेलं रोप नेण्यापेक्षा बुडखा, शेंडा आणि सापडली तर अळी, तिन्ही काडेपेटीत घालून न्यावं. परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला कीटकशास्त्र विभाग एका एसटीच्या अंतरावर आहे, ही सोय सगळ्या जिल्ह्यांना नाही.

औषधाचं काय, हा प्रश्न येणारच. एकेकाळी उत्तर सोपं होतं: बीएचसी पावडर धुरळा! फडक्याच्या पुरचुंडीत बांधून काठीनं झटकत बायाबापड्या तासातासानं फिरायच्या. नाका-तोंडात काय गेलं कोणास ठाऊक. १ एप्रिल १९९७ पासून बीएचसीवर देशात बंदी आली. मग दाणेदार फोरेटचे दिवस आले, तेही २०२० च्या अखेरीस बंद झालं. राहिलं क्लोरपायरीफॉस, त्याचंही नाव मे २०२५ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत स्टॉकहोम कराराच्या बंदी यादीत, काही सवलती ठेवून, गेलं. म्हणजे तीस वर्षांत या अळीवरचं एकेक विष हातातून सुटत गेलंय आणि ते सुटलं ते बरंच झालं, असं आमचं मत आहे. २०१७ ला यवतमाळात फवारणी करताना माणसं दगावली ती घटना अजून जुनी झालेली नाही. पण विष काढून घेताना त्याच्या जागी काय द्यायचं याचा विचार झाला का? बंदीचा आदेश दुकानापर्यंत पोचतो, पर्यायाची माहिती पोचत नाही. आज जे औषध घ्यायचं ते लेबलावर हरभरा आणि ही कीड छापलेली पाहूनच, विद्यापीठाला विचारून, बुडाशी आणि संध्याकाळी द्यावं. भर दुपारी पानांवर मारलेली फवारणी मातीत झोपलेल्या अळीपर्यंत जात नाही. गूळ-भुश्श्याचं विषारी आमिष करणाऱ्यांनी जनावरं-कोंबड्यांचा विचार आधी करावा.

जुना उपाय मात्र शिल्लक आहे आणि तो कोणी बंद करू शकत नाही. संध्याकाळी निंदणाचं ओलं गवत तासांच्या मधून ठिकठिकाणी छोट्या ढिगांनी टाकायचं. रात्री चरून झाल्यावर अळ्या आडोशाला त्या ढिगाखाली शिरतात. सकाळी ऊन वर यायच्या आत ढीग उचलायचा, खालच्या अळ्या वेचून रॉकेल नाही तर साबणाच्या पाण्यात टाकायच्या. विद्यापीठाच्या पुस्तिकेतही हेच आहे. एकट्यानं दहा एकर होत नाही, हे खरं. पण अळी दहा एकरांत नसतेच. पहिली तुटलेली तासं दिसली त्या तुकड्यापुरतं केलं तरी पुष्कळ. पहाटे उठून दोन माणसांचं तासाभराचं काम आहे, पण सलग सहा-सात दिवस.

पाण्याचीही एक गंमत सांगण्यासारखी आहे. जायकवाडीच्या कालव्यावर किंवा विहिरीवर हरभऱ्याला पाणी देताना माती भिजली की अळ्या जीव वाचवायला वर येतात, आणि दिवसा पाणी चालू असलं की बगळे, साळुंक्या, कोतवाल पाण्यापाठोपाठ वाफा साफ करत चालतात. फुकटचे मजूर! पण वीज येते रात्रीची. माणूस थंडीत कुडकुडत, विंचू-सापाच्या भीतीनं बारी देतो, अळ्या वर येतात आणि पक्षी झोपलेले. दिवसा वीज देण्यासाठी २०२३ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला. त्या विजेचा हिशेब युनिटांत होतो, बगळ्यांत कोणी केला नाही. ज्याच्या फिडरला अजून रात्रीचीच पाळी आहे त्यानं निदान बारी देताना हातातल्या बॅटरीचा झोत तासांच्या बुडाशी टाकावा. कातरअळी जिवंत कामावर असलेली पाहायची तर तीच वेळ.

कृषी खात्याकडून फार मोठी मागणी नाही. हरभरा उगवल्यानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत, ज्या मंडळांत पाणी साचलं होतं तिथं, एक पाहणी दिवस मावळल्यावर किंवा पहाटे व्हावी. क्रॉपसॅपच्या तक्त्यात कापलेल्या रोपांची मोजणी फक्त प्लॉटच्या मधोमध न होता धुऱ्याकडच्या तासांतही व्हावी. बियाण्याची तक्रार पाहायला येणाऱ्या समितीनं बुडखा सापडला की 'तक्रार निराधार' एवढंच लिहून न थांबता 'कीड, प्रादुर्भाव इतका' हेही लिहावं. म्हणजे निदान तालुक्याच्या दप्तरात ही अळी पहिल्यांदा जन्म घेईल. शेतकऱ्यानंही मोकळ्या जागेचा फोटो काढून उपयोग नाही. कापलेला शेंडा, मातीतला बुडखा आणि गुंडाळी झालेली अळी एका चौकटीत येतील असा, तारखेसह फोटो सकाळी लवकर काढावा आणि त्याच दिवशी कृषी सहायकाला लेखी कळवून पोच घ्यावी.

नांग्या भरायच्या त्या मात्र अळ्या वेचून झाल्यावरच, नाहीतर ते तिला दुसरं ताट वाढल्यासारखं होतं. बी रात्रभर भिजवून, सावलीत सुकवून, पेरणीपासून पंधरा दिवसांच्या आत टोकावं. त्यानंतर टोकलेलं रोप आधीच्यांच्या सावलीत राहतं आणि काढणीच्या वेळी हिरवंच हाती येतं.